आष्ट्याचं बोचकं

पंचाहत्तर साल असावं. सातारा-सांगली एसटीत माझ्या शेजारी बसलेली मुलगी पुण्याहून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन आली होती. सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू व्हायला निघालेली. गाडीतल्या मधल्या वाटेत पडलेली बोचकी तिला बघवेनात. पदर खोचून तिनं एकेकाला गाव विचारलं आणि आधी उतरणाऱ्यांची दाराशी, सांगलीची आत लावली. माझी ट्रंकही न विचारता हलवली. इतकं ते नेटकं होतं.

तिचं शिक्षण ऐकून एक म्हातारबा हसले. "पोरी, पुस्तकं कपाटात ठेवाय कॉलेज कशाला लागतंय?"

"ठेवाय न्हाई, आजोबा. मागितल्याबरोबर घावाय पायजेत, त्यासाठी लागतंय."

आष्टा आलं. म्हातारबांनी दाराशीच आपलं बोचकं उचललं, खाली उतरले आणि पुन्हा पायरी चढून आले.

"नात बी.ए. झालीया. स्थळं बघतोय," ते तिला म्हणाले. "त्याआधी हे शिकाय कुठं धाडू?"