साफ केलेली ओळ

तुमच्या कॉम्प्युटरात कचरा कोणता, हे कोण ठरवतं?

आमच्याकडे साहेब ठरवायचे. नव्वदीच्या सुरुवातीला मी वाणगावहून बोईसरच्या एका रसायन कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून जायचे. ड्रमवर चिकटवायची लेबलं छापणं हे माझं काम. वर इंग्रजीत मालाचं नाव, खाली मराठीत सूचना. हेड ऑफिसच्या फ्लॉपीतून मजकुरासोबत न दिसणारी, न छापता येणारी चिन्हंही यायची. ती आली की प्रिंटर मध्येच किंचाळायचा, कोरे कागद ओकायचा.

साहेबांनी त्यावर सफाईचा प्रोग्रॅम लिहिला. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं ठेवायची. बाकी सगळं फेकायचं. प्रिंटर गप्प झाला. साहेबांनी चहा मागवला. लेबलं थेट गोदामात गेली.

दुपारी शेजारच्या पाम गावचे एक हमालकाका खिडकीशी आले.

"ताई, आज खाली मराठी नाय. म्हंजे पाणी मारायचं ना?"

ट्रकमध्ये चढवण्याआधी चिखलाने माखलेले ड्रम पाइपने धुवायची तिथे पद्धत होती. फक्त 'पाणी लागू देऊ नका' असं लिहिलेले ड्रम कोरड्या फडक्याने पुसायचे. ओळ नाही, म्हणजे धुवा. त्या दिवशीच्या ड्रममधल्या पावडरीला पाणी लागलं की अंग भाजणारा धूर उठायचा.

मी धावले. मुकादम ओरडत होता, "पानी मारो, गाडी खड़ी है!" एका बाईच्या हातात पाइप होता. मी नळ बंद केला. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता हाफिसातली बाय पण धुवायला आली काय?"

परत येऊन साहेबांसमोर लेबल धरलं. "मराठी ओळ गेली."

"गेली नाही, साफ झाली. न छापता येणारी अक्षरं होती ती."

"कालपर्यंत छापत होतो की!"

कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने ओळखतो; मराठी अक्षरांचे क्रमांक इंग्रजीच्या वरचे होते. प्रोग्रॅमने चिन्हांसोबत तीही झाडून टाकली होती.

"अगं, माल परदेशात जातो. तिथे मराठी कोण वाचणार?"

"ड्रम उचलणारे परदेशात राहत नाहीत, साहेब. पामला राहतात."

"इथे पत्रकं वाटायची नाहीत हं."

आमचं घर चळवळीतलं, घरात पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी मी भांडत होते ते फक्त एका ओळीसाठी. ड्रमांना हात लावू नका, असं हमालांना सांगून आले होते. ट्रक तसाच खोळंबून राहिला, तेव्हा कुठे साहेब माझ्या शेजारी बसले. मी प्रोग्रॅम बदलला: प्रिंटरला चिथावणारी चिन्हं फेकायची, मराठीला हात लावायचा नाही. लेबलं पुन्हा छापली. काकांनी ओळ मोठ्याने वाचली आणि पाइप गुंडाळायला लावला.

म्हणून मागणं एकच. तुमच्या ऑफिसात मजकुराची अशी सफाई होत असेल, तर उद्याच आधीचा आणि नंतरचा कागद शेजारी ठेवा. साहेबांना दाखवू नका. माल उचलणाऱ्याला दाखवा, आणि तो हो म्हणेपर्यंत गाडी सोडू नका.