धनेशाचा डबा

येऊरच्या जंगलात, एका जुन्या बेहड्यासमोर तो माणूस मला भेटला. पन्नाशीचा, विठ्ठलवाडीहून आलेला, कॅमेऱ्याच्या तुटक्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली. झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी, तोंडाशी फक्त एक बारीक फट ठेवून, स्वतःला आत लिंपून घेऊन अंड्यांवर बसली होती. तिला फटीतून भरवायला नर येतो, तो फोटो मला हवा होता. मी नवी लेन्स घेऊन पुढे सरकलो, तसं त्याने माझं मनगट धरलं.

चोचीत उंबर घेऊन नर आलेला, पण आम्हाला बघून लांबच्या फांदीवर थांबला होता.

"मागे या, साहेब. आपण फोटोला आलोय, तो डबा घेऊन आलाय. ती आत उपाशी आहे."

आम्ही हळूहळू खूप मागे आलो. नर ढोलीपाशी गेला. माझ्या लेन्समध्ये नुसती पानं.

"तुम्हाला तरी काय मिळालं?" मी चिडून विचारलं.

त्याने फोटो दाखवला. सगळा बेहडाच दिसत होता.

"घरी पण विचारतात, पक्षी कुठाय," तो हसला.

मी फोटो मोठा करत गेलो. फटीतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर आलं होतं, आणि नर तिला भरवत होता.

माझ्याकडे धनेशाचे जवळून काढलेले पुष्कळ फोटो आहेत. त्यातला एकही धनेश कुणाला भरवत नाहीये.