वहीवर बसलेली बाई

आमच्या गल्लीत रक्त घ्यायला येणारी बाई मला आवडत नाही. फार उद्धट. छातीत लपलेला टीबी रक्तावरून ओळखता येतो का, ते त्यांचे डॉक्टर बघतात. नळी भरली की ती सावकाश दहा वेळा उलटीसुलटी करते. तेवढ्या वेळात कुणालाही उत्तर देत नाही.

परवा ती माझं रक्त घेत होती, तेव्हा माझी सून ज्या कापडाच्या लूमवर कामाला जाते, तिथला शेठ आला.

"कुणाकुणाचं घेतलंस? वही दाखव. बीमार माणूस मला कामावर नको."

वहीत सुनेचंही नाव होतं. नळी दहा वेळा फिरवून झाल्यावर बाई सरळ वहीवर बसली. आमच्यात वहीला पाय लागला तरी पाया पडतात.

"नावं न्हाय मिळणार, शेठ. लूमवर तुम्ही पण तीच हवा खाता. बाही वर करा."

शेठ निघून गेला. परत आला तर वहीवर मी बसेन.