ओगराळ्याचा मानकरी

आमच्या क्लबात मासा धरणाऱ्याला काहीच मिळत नाही. न धरणाऱ्याला मात्र ओगराळं मिळतं.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चौदा जण डी नदीत उतरतो. ट्राउट मासा धरायला तेव्हा बंदी, म्हणजे त्याला सुट्टी असते; ग्रेलिंग मासा तेवढा कामावर. गळाला पिसांची खोटी माशी बांधायची, लागलेला मासा जाळीत घ्यायचा, पाण्याबाहेर न काढता गळ सोडवायचा आणि त्याला त्याच्या घरी पाठवायचं. जाळीतला मासा दुसऱ्या सभासदानं पाहिला तरच तो मोजायचा. ज्याच्या नावावर शून्य, त्यानं ओगराळं घ्यायचं आणि पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी सूप रांधायचं. शून्यवाले दोघे निघाले, तर जुनाच आचारी पुढे चालू.

चार वर्षं तो आचारी मी आहे.

मी गेथिन. चाळीस वर्षं मी या डोंगरांवर दगडी बांध रचले. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. त्यातला एकही ढासळला नाही, हे मी कुणी न विचारता सांगतो. ग्रेलिंगवरही मी तासभर बोलू शकतो. ग्रेलिंग ऐकत नाही, एवढीच अडचण.

यंदा मात्र ओगराळं परत करायचंच, असं ठरवलं होतं. सकाळी मटण, बटाटे, कांद्याच्या जाड पातीसारखं लीक चिरलं, मूठभर रानओवा हातानं चुरडून टाकला आणि पातेलं घेऊन नदीकाठच्या खोपीवर आलो. दारात आमचा खाटीक इद्रिस उभा.

"या आचारी! गळ आणलाय, की नुसती पळी?"

"हस लेका. उद्यापासून ओगराळं तुझ्या गळ्यात."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालास. तेव्हा मीठ कमी होतं बघ."

सगळे हसले. नेस्टाबाईही हसल्या. त्या ऐंशीच्या. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच शाळेत पाढे शिकवले. आता गुडघ्यांमुळे पाण्यात उतरत नाहीत, पण काठी टेकत काठाकाठानं फिरतात आणि वहीत मासे मांडतात.

मी पुलाच्या वरच्या अंगाला एकटाच गेलो. तिथे मासे जास्त, असं मी सांगितलं. खरं म्हणजे तिथे बघणारे कमी.

दव गोठून गवत पांढरं झालं होतं. पाणी काळंभोर, आणि त्यावर वाफेचा पातळ पदर. गळाच्या काठीवर दोरी ओवायच्या कड्या असतात, त्यांत बर्फ धरत होता. मी तो तोंडात धरून वितळवत होतो आणि थुंकत होतो. दोन तास नदीनं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग दोरी थांबली. मला वाटलं, दगड. दगड मी ओळखतो. पण हा दगड प्रवाहाविरुद्ध चालायला लागला.

जाळीत आला तेव्हा माझ्या कोपरापर्यंतच्या हाताएवढा लांब होता. पाठीवरचा पर शिडासारखा उभारलेला. मी बोंब ठोकली, "इद्रिस! अरे इद्रिस! ये इकडे!"

वळणापलीकडून उत्तर आलं, "बुडालास का?"

"मासा!"

"मग त्यालाच बोलव!"

मी माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरून राहिलो. आणखी चार हाका मारल्या. कुणी आलं नाही. शेवटी मोठ्या मनानं मी त्याला सोडला, असं मी लोकांना सांगतो. माझी बोटं बधिर झाली होती आणि तो आपणहून गेला, हे फक्त इथे लिहितो.

खोपीत मी सगळं सांगितलं. कुणाच्या भुवईचा केसही हलला नाही. तेव्हा मी माझा हुकमी पुरावा काढला. ताज्या ग्रेलिंगला रानओव्याचा वास येतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी दोन्ही हात इद्रिसच्या नाकाखाली धरले.

त्यानं डोळे मिटून लांब श्वास घेतला. "आहे बाबा, आहे. अगदी खरा वास." मग पातेल्यावर वाकून तसाच श्वास घेतला. "मासा इथे लपलाय!"

खोपीचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. इद्रिसलाही दिवसभर काही लागलं नव्हतं, पण त्याचं हसू सगळ्यात मोठं. नेस्टाबाईंनी माझ्या नावापुढे शून्य काढलं, गोल, शाळेतल्यासारखं.

सगळे पांगल्यावर मी पातेलं घासायला बसलो. नेस्टाबाई शेजारच्या बाकावर टेकल्या.

"पराला लाल कड होती ना रे?"

माझ्या हातातली घासणी थांबली. "तुम्ही पाहिलात?"

"पुलावरून."

"मी एवढ्या हाका मारल्या, बाई!"

"म्हणून तर कठड्यामागे वाकले. गुडघे अजून ठणकताहेत."

"पण का?"

"तुझा मासा मांडला की ओगराळं इद्रिसकडे जातं. त्यानं एकदा रांधलं होतं, आठवतं? उरलेलं बदकांना घातलं, तर ती दोन दिवस पुलाकडे फिरकली नाहीत." त्यांनी वही उघडली. "माझे आता किती हिवाळे राहिले, गेथिन? ते बेचव सुपात घालवू? पण तू म्हणत असशील तर तुझं शून्य आत्ता खोडते. इद्रिस बाहेरच आहे."

बाहेर इद्रिस गाडीत सामान भरत माझ्या हाकांची नक्कल करत होता. एक शब्द पुरला असता. मी पातेल्यात पाहिलं. तळाला एक बटाटाही उरला नव्हता. बाईंनी तीन वाट्या घेतल्या होत्या.

मी ओगराळं पुसलं आणि कोटात खोचलं.

"पुढच्या वेळी लीक जास्त घालू?"

"लीक पुरे," त्या म्हणाल्या. "मटण वाढव."