यमुनाबाईंचा भांडणाचा वर्ग

यमुनाबाईंच्या विरोधात मी पोलिसांकडे द्यायला अर्ज लिहून ठेवला होता. एकाच बाजूला, दाट अक्षरात. सही तेवढी बाकी होती. सही मी कधीच आधी करत नाही. बावीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितेय, सहीनंतर माणूस अडकतो हे मला ठाऊक आहे. शाळा आठवीपर्यंत झाली, कायदा तहसिलीच्या बाकावर बसून शिकले. अख्खं देवास मला ताई म्हणतं ते उगाच नाही.

संशय का आला ते सांगते. यमुनाबाई औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. आता निवृत्त, वय बासष्ट, औद्योगिक वसाहतीमागे दोन खोल्यांत एकट्या राहतात. रोज चार वाजले की त्यांच्या दारात पाच-सहा स्कूट्या लागायच्या. सगळ्या मराठी घरातल्या मुली, आणि सगळ्या लग्नाच्या. आत गेल्या की दार बंद. विचारलं तर म्हणायच्या, "मराठी शिकवते." फी किती? काही नाही.

फुकट! इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी स्वतः दर रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये फुकट मराठी वाचायला शिकवते, तिथे चार डोकी येतात, त्यातली दोन बिस्किटांसाठी. आणि हिच्याकडे रांग? तिकडे महाराष्ट्रात कितीतरी गावांत मुलांना मुली मिळत नाहीत, म्हणून दलाल इकडे माळव्यात फिरतात. गोड बोलून मुली नेतात. मी असली दोन प्रकरणं निस्तरली आहेत. एकटी बाई, बंद दार, लग्नाच्या मुली. हिशेब सरळ होता.

म्हणून मी भाचीला, वेदिकाला, आत पाठवलं. वेदिका माझ्या धारच्या दादाची मुलगी, कॉलेजसाठी माझ्याकडे राहते. तीन आठवड्यांनी तिला बघायला संगमनेरची मंडळी धारला येणार होती. दादाने परिचयपत्रात ठोकून दिलं होतं, 'मराठी उत्तम'. उत्तम कसली! घरात बोलते, पण चार वाक्यं झाली की गाडी हिंदीत. म्हटलं एका दगडात दोन कामं होतील.

पहिल्या दिवशी परत आली ती हसत. "आत्या, वहां तो झगडा सिखाते हैं!"

"मराठीत सांग."

"अगं, भांडायला शिकवतात. खरंच. त्या सासू होतात, आपण सून."

माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी साडेचारला मी स्वतः गेले आणि दार न वाजवता ढकललं. पाच मुली सतरंजीवर बसलेल्या. मधोमध यमुनाबाई, पदर खोचून. समोर शिवानी म्हणून एक मुलगी उभी.

"काय गं," यमुनाबाई सासूच्या आवाजात म्हणत होत्या, "तुमच्या माळव्यात भाजीत मीठ घालत नाहीत वाटतं?"

"घालतात ना सासूबाई. पण तुम्ही काल म्हणालात की कमी... मतलब मैंने सोचा..."

"बस खाली. पुढची."

शिवानी कुरकुरली, "काकू, गुस्से में हिंदीच येते हो!"

"म्हणून तर बोलावलंय. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही. वाक्य मात्र शेवटापर्यंत न्यायचं." मग माझ्याकडे वळून, "या ताई. तपासायला आलात ना? बसा. चहा मुली गेल्यावर."

मला राग आला. माझ्यावर कुणी अशी कुरघोडी केलेली मला चालत नाही. मुली गेल्यावर मी सरळ विचारलं, "सासरी जायच्या आधीच भांडायला शिकवता? संसार मोडायचे आहेत की जमवायचे? आणि कुणाच्या सांगण्यावरून?"

त्यांनी चहा गाळला. घाई काहीच नाही.

"एकविसाव्या वर्षी मला कराडकडच्या गावात दिली," त्या म्हणाल्या. "पहिलं वर्षभर सगळे म्हणायचे, किती गोड बोलते, सिनेमातल्यासारखी. हिंदी मिसळलेलं ऐकायला पाहुणे यायचे. मग नणंदेच्या पाटल्या हरवल्या. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी घेतल्या नव्हत्या ताई. पण अंगाची लाही झाली आणि तोंडातून भराभरा हिंदी आली. सगळं घर हसलं. नवराही. खरं बोलत होते मी, पण हसू झाल्यावर खरं कोण ऐकतं? पुढे तोंडच उघडलं नाही. दोन वर्षांनी परत आले."

"आणि पाटल्या?"

"तांदळाच्या कणगीत सापडल्या. चार महिन्यांनी कार्ड आलं. त्यात माफी नव्हती, पाटल्या सापडल्या एवढंच होतं."

कार्ड दाखवा म्हटलं. मी मागणारच. त्यांनी डब्यातून काढून दाखवलं. शाई फिकी, शिक्का कराडकडचा. तरी घरी येऊन मी अर्ज फाडला नाही, कपाटात ठेवला. कागद जुना असतो म्हणून गोष्ट खरी असते असं नाही. हिच्याकडच्या कुठल्या मुलीचं लग्न कुणी जमवलं, याची मी आठवडाभर चौकशी केली. दलाल सापडला नाही. याचा अर्थ मला सापडला नाही, एवढाच मी घेतला.

वेदिका मात्र रोज जात राहिली. रात्री पोळ्या लाटताना मला म्हणायची, "आत्या, काहीतरी लागेल असं बोल ना, प्रॅक्टिस करायचीय." ते काम मला जमतं.

बघण्याच्या दिवशी आम्ही धारला गेलो. दादाने नवे पडदे लावले होते. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "हे स्थळ जाऊ द्यायचं नाही. तू तोंड बंद ठेव." मी ठेवलं. मुलगा, अक्षत, बरा होता, पण आईकडे बघून पाणी पिणारा. पोहे झाले, नोकरी झाली, पगार झाला. मग मुलाच्या आईने पिशवीतून मराठी पेपर काढला आणि वेदिकापुढे धरला.

"परिचयपत्रात मराठी उत्तम लिहिलंय. वाच बघू जरा."

दादाचा चेहरा पांढरा पडला. वेदिकाने वाचायला घेतलं. अक्षरं तीच, पण शब्द हिंदीच्या सवयीने चालेनात. 'पाणीपुरवठ्याच्या'वर अडकली, मागे आली, पुन्हा अडकली. बाई हसल्या. "पाटी-पेन्सिल आणायला हवी होती गं आम्ही!" त्यांच्याबरोबर आलेली मावशीही हसली. मग दादाही हसला. माझ्या भावाने हसावं, हे मी अजून विसरलेले नाही.

वेदिकाचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हिंदी येणार. आणि संपलं.

तिने पेपरची घडी घातली.

"काकू, मी वाचताना अडखळते, कारण माझ्या शाळेत मराठी नव्हती. 'उत्तम' बाबांनी लिहिलं, ते चुकलं. वाचायला मी शिकेन. लेकिन दुसऱ्याच्या घरी बसून, त्यांचे पोहे खाऊन, त्यांच्याच मुलीला हसायचं, ही पद्धत आमच्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर आधी सांगा, म्हणजे मला विचार करता येईल."

आवाज चढला नाही. अक्षतने पहिल्यांदा आईकडे न बघता वेदिकाकडे बघितलं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगी तोंडाळ आहे, जमणार नाही. दादाने फोनवर माझा उद्धार केला. "तुझ्यामुळे गेलं स्थळ!" मी म्हटलं, "दादा, 'उत्तम' कुणी लिहिलं होतं?" त्याने फोन ठेवला. वेदिका दोन दिवस नीट जेवली नाही. मुलगा तिला आवडला होता, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "मी गप्प बसले असते तर?" उत्तरही तिनेच दिलं, "तर तिकडे कायमची गप्प बसले असते."

मी यमुनाबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. स्थळ मोडल्याबद्दल त्या हळहळल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मध्ये हिंदी आली?"

"एकदा. 'लेकिन'."

त्या म्हणाल्या, "लेकिन चालेल. ते आपल्याकडचंच आहे."

रविवारी वेदिका मंडळाच्या हॉलमध्ये आली, माझ्या वर्गाला, पाचवं डोकं. बिस्किटाला हात लावला नाही. म्हणाली, "आत्या, शुद्धलेखन घाल. त्या पेपरपासून सुरू कर." वही आणली नव्हती. मी पिशवीत हात घातला तर तो अर्ज हाताला लागला. सकाळीच कपाटातून काढला होता, सही करायची की नाही ते ठरवायला.

मागची बाजू कोरी होती. मी तीच वर करून तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "लिही. पाणीपुरवठ्याच्या."