वरच्या सरकारची रयत

रूथचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्यातल्या माझ्या दुकानात एका जळालेल्या पाणबुडी मोटारीचं वायंडिंग सोडवत बसलो होतो. रूथ ही माझ्या दानीएल मामांची एकुलती एक मुलगी. ती म्हणाली, "दादा, बाबा गेले... आता कुठं न्यायचं?" दोन्ही वाक्यं तिनं एका दमात म्हटली, रडणं मागून आलं. मामांचं वय झालं होतं, पावसाळा काढतील की नाही अशी धास्ती होतीच, त्यामुळे जाण्याचा धक्का नव्हता. धक्का बसला तो तिच्या दुसऱ्या वाक्याचा. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला, तरी ते वाक्य कानातून जात नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मामा पेशानं गवंडी. तेरणेकाठचं आमचं जुनं गाव धरणात जायचं ठरलं आणि वर माळावर नवं गाव बसू लागलं, तेव्हा त्यातली निम्मी घरं मामांच्या हातून उभी राहिली. शाळा त्यांनी बांधली, ग्रामपंचायतीचं ऑफिसही त्यांनीच बांधलं. स्वतः मात्र म्हणायचे की ही सगळी कच्ची कामं, पक्कं काम वर चाललंय. देवाचं राज्य येणार, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत येणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पावसाची वाट पाहावी तितक्या साधेपणानं ते त्याची वाट पाहत. मतदानाला नेमानं जायचे. निवडणुकीला उभे राहिलेले दारात आले की त्यांना चहा पाजायचे आणि सांगायचे, तुमचं राज्य पाच वर्षांचं, तुम्ही पाव्हणे, पाव्हण्यांशी आम्ही भांडत नसतो. गावानं त्यांचं नावच 'वरचं सरकार' पाडलं होतं. पाराजवळून चालले की कुणीतरी हमखास विचारायचं, काय मामा, वरून काय आदेश? मामा हसून हात हलवायचे आणि पुढे जायचे. चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

नव्या गावाची मोजणी झाली त्या दिवशी मी तिथं होतो. नुकताच मोटारींचं काम शिकून आलेलो, अंगात रग होती. साहेब खुर्चीवर, गाव समोर जमिनीवर. देवळाला जागा निघाली, मशिदीला निघाली, स्मशानाला आणि कबरस्तानाला निघाली. आमची ख्रिस्ती घरं तेव्हा चार. साहेबांनी विचारलं, आणखी कुणाला काही पाहिजे का? चारी घरांनी मामांकडे पाहिलं, कारण आमच्यातले वडीलधारे तेच. मामा उठले, टोपी काढली आणि म्हणाले, "आमाला काय नको, साहेब. मेल्यावर आमाला लई दिस पडून ऱ्हायचं न्हाय. आमचा राजा येनार हाय. तवर कुठंबी पडू." लोक हसले, साहेबही हसले, आणि मोजणीची साखळी पुढे सरकली. खरं सांगतो, त्या क्षणी मला मामांचा अभिमान वाटला होता. एवढ्या मागणाऱ्यांत आपला एक माणूस काहीच मागत नाही, याची ऐट वाटली होती.

एस्तेर मामी त्याआधीच गेलेल्या, रूथ लहान असताना. त्यांची कबर जुन्या गावाच्या खाली, नदीच्या अंगाला होती, मामांनी स्वतः काळ्या दगडात बांधलेली. पाणी चढायच्या आधी माझ्या आईनं त्यांना विनवलं, अरे, वहिनीला वर आण. मामांनी ऐकलं नाही. मेलेल्यांना उठवणारा आवाज पाण्याखाली पोचणार नाही असं तुला वाटतं का, असं त्यांनी उलट आईलाच विचारलं. पुढे आई गेली तेव्हा एका भल्या शेतकऱ्यानं आपल्या बांधाचा कोपरा दिला. त्याच्या माघारी मुलांच्या वाटण्या झाल्या, बांध मोडला, ऊस आला. मुलांनी हात जोडून सांगितलं की आता पुन्हा इकडे आणू नका. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चारातली दोन घरं पुण्याकडे निघून गेली, आणि राहिलेल्या दोन घरांना आपण मेल्यावर कुठं जायचं हे माहीत नव्हतं. मामा म्हणायचे, जाऊ की वर.

मग तो उन्हाळा आला. धरण पार तळाला गेलं आणि जुन्या गावाचे चौथरे उघडे पडले. मामांचे गुडघे तोवर गेले होते. त्यांनी निरोप धाडला, मोटारसायकल घेऊन ये, तिला बघून येऊ. मी त्यांना मागं बसवून नेलं. भेगाळलेल्या चिखलातून, माझ्या खांद्याला धरून ते चालत राहिले आणि एका जागी थांबले. तिथं कबर नव्हती. तिथं खड्डा होता. गाळ काढायला जेसीबी लागले होते, ट्रॉल्या भरभरून गाळ शेतांत चालला होता, चांगला सुपीक गाळ... एका कडेला मामांच्या हातचा एक घडीव दगड पडलेला होता, तेवढाच. जेसीबीवाल्याला मी जाब विचारला तर तो बिचारा घाबरला. इथं काय होतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? आमची जागा कुठं म्हणून नोंदलेलीच नव्हती. मामा खड्ड्याच्या काठावर बसले. भरून चाललेल्या ट्रॉलीकडे बघत हळूच म्हणाले, "शिमोन, आता हिला उठवायला देवाला किती रानांत हाळी द्यावी लागंल रं?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. देवाला अवघड ते काय, हे मामांचंच वाक्य तयार होतं. पण ते त्यांना ऐकवायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून मामा खालच्या सरकारकडे जाऊ लागले. ज्यांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, ते माझ्या गाडीवर बसून तहसीलला खेटे घालू लागले. मागणं एवढंच, की आमच्या माणसांना पुरायला कोपराभर जमीन द्या. साहेब बदलत राहिले, बोलणं गोड राहिलं. तुमची घरं किती, असं विचारायचे, आणि दोन म्हटलं की मान हलवायचे. शेवटी ग्रामसभेत विषय निघाला. स्वतः बांधलेल्या त्या ऑफिसात मामा भिंतीला धरून उभे राहिले. सरपंच आमच्याच डोळ्यांसमोर वाढलेला, मनानं वाईट नाही. तो म्हणाला, "मामा, मोजनीच्या वक्ताला तुमीच नको म्हणलावता की. तुमचं तर वरचं सरकार, आमच्यासारख्याकडं काय मागताव?" सगळे हसले. वर्षानुवर्षं हसत आले तसेच, प्रेमानं. मामाही हसले. त्यानंतर जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शेवटची भेट त्यांच्या खोलीत झाली. अंगात हाडंच उरली होती. मी प्रार्थना करू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाले. मग माझं मनगट धरलं. "मला सोलापूरला नेऊ नका. तितं मला कोन वळखतंय?" मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

आम्ही त्यांना सोलापूरलाच नेलं, ख्रिस्ती दफनभूमी जवळात जवळ तिथंच होती. कबरस्तानवाल्या शेजाऱ्यांना विचारून पाहिलं होतं, त्यांच्याकडे त्यांच्याच माणसांना जागा पुरत नव्हती. टेम्पोत पेटीच्या एका बाजूला रूथ आणि दुसऱ्या बाजूला मी. तुळजापूरला भाविकांच्या बसांमुळे बराच वेळ अडकून पडलो. रूथनं वाटेत एकदाच विचारलं, दादा, इतक्या लांब मी कितीदा येणार? तिथल्या पाद्रीसाहेबांनी सार्वकालिक राज्याविषयी फार चांगलं सांगितलं. त्यातला शब्द न् शब्द मामांनी आम्हाला शिकवलेला होता. मला मात्र ते ऐकवेना. परतताना तिथल्या राखणदारानं मला बाजूला घेऊन समजावलं की जागेची टंचाई आहे, काही वर्षांनी इथंच दुसऱ्याला ठेवावं लागेल, मनाला लावून घेऊ नका. म्हणजे मामांना तिथंही पाव्हणा म्हणूनच ठेवून आलो.

लोक मला धीर द्यायला येतात. ते आता खऱ्या घरी गेले, म्हणतात. असतीलही. मला ते दिसत नाही. मला ट्रॉल्यांनी नेलेला गाळ दिसतो, आणि त्यावर तरारून आलेलं सोयाबीन. राजा आलाच तर नवरा सोलापुरात, बायको कुणाकुणाच्या रानात... या दोघांना तो एकत्र कसा आणणार, ते मला कळत नाही. मामांनाही शेवटी कळत नव्हतं, असं मला वाटतं. ज्यानं साऱ्या राज्यांना पाव्हणं मानलं तो माणूस शेवटी कोपराभर मातीसाठी भिंत धरून उभा राहिला, हे आठवलं की माझं मन पार खचतं.

आमच्या गावात चर्च नाही. रविवारची प्रार्थना मामांच्या खोलीतच व्हायची, अजूनही होते. रूथ, तिचा नवरा, मी आणि माझी बायको, एवढेच. मामांची एक सवय होती. प्रभूची प्रार्थना म्हणताना, देवाचं राज्य मागणारी ओळ झाली की ते थांबायचे. दारात कुणी आलं की काय, असं कान देऊन क्षणभर ऐकायचे आणि मग पुढे म्हणायचे. इतक्या वर्षांत आम्हा सगळ्यांना ते अंगवळणी पडलंय. परवाही त्या ओळीशी आम्ही चौघं आपोआप थांबलो. बाहेर कुणीच नव्हतं. मग रूथनं पुढची ओळ घेतली. जसं स्वर्गात तसं पृथ्वीवरही व्हावं, अशा अर्थाची ती ओळ आहे. बाकीच्यांनी तिच्या मागून म्हटली. मीही म्हटली, पण त्यातलं पृथ्वीचं नाव तेवढं माझ्याकडून म्हणवलं नाही.