भुऱ्याचा गुडघा आन् माझे बिब्ब्याचे चटके

कुत्रं लंगडलं की बिब्बा लावा सांगणारे आपल्या देवरीकडं पायलीचे पन्नास, गुडघा तपासा म्हणणारा एक नाही! आता रामराम घ्या.

आमचा भुऱ्या धानाच्या बांधीत रानडुकरामागं पळता पळता कोकलला आन् मागचा पाय उचलून घरी आला. मीच त्याच्या गुडघ्याले बिब्ब्याचे चटके देले. आठ दिवस तो तीन पायावर, तरी मी म्हणून राहिली, "नाटकं करते मेला."

आज जनावराच्या डॉक्टरीणबाईनं त्याची मांडी धरून खालचं नळीचं हाड पुढं ढकललं. काडीपेटीच्या खणासारखं सरकलं!

"आजी, गुडघ्यातला लिगामेंट तुटला. चटके काऊन देले?"

"माझ्या गुडघ्याले देते, तेच देले."

"तुमचा तुटला नाही न!"

वजनानं भारी कुत्रा, ऑपरेशनच लागते म्हणे, तेही नागपुरात. पण माझे चटके पिकले. ते भरल्याबिगर चाकू लावता येत नाही. तोवर बांधून ठेवायचा.

म्हणजे दुखणं त्याचं, लांबवलं मी.

ज्याचा कुत्रा असं ऑपरेशन होऊन पुन्हा चार पायावर पळाला, त्यानंच या ग्रुपवर लिहा. बाकीच्यायनं जोडलेले हात पाठवू नका.